पातोडीचा रस्सा आणि महाडचा ठराव

दलित चळवळीचा इतिहास आपण सभा, सत्याग्रह आणि ठराव यांच्या आधारे लिहीत आलो. ते योग्यच आहे. परंतु ठराव संमत झाल्यावर दुसऱ्या दिवशी चुलीवर काय शिजले, हा प्रश्न इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्यालाही फार उशिरा पडला.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्यामुळे ती अजरामर झाली. पण मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांची आशा सोडा, असेही बाबासाहेबांनी तेथेच बजावले होते. येसकराला मिळणारी भाकर ही खरे तर त्याच्या राबणुकीची मजुरी. ती शिळी करून, वरून टाकून द्यायची, यातच गावगाड्याची सारी लबाडी होती. सणाला महारवाड्याचे ताट गावाच्या उरलेल्या अन्नावर भरे. ते नाकारले की ताट रिकामे. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. मागण्याची भाकर सुटली हे उत्तमच झाले. मात्र तिच्या जागी काय वाढायचे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नसते.

नशिराबादला आमच्या घरात ती जागा आजीने भरून काढली. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्याकडे आखाजीचा जोर ओसरला आणि लेकीबाळी १४ एप्रिलला माहेरी येऊ लागल्या. गोडाला गूळ असे. भाकरीबरोबर तोंडी लावायला काय, ही अडचण. मटण विकत आणण्याची ऐपत नव्हती आणि वाळवलेल्या चान्यांचे मडके घरातून कायमचे गेलेले. हरभऱ्याची काढणी नुकतीच झालेली असे. आजीने शेतांत सांडलेल्या घाट्यांचा सरवा वेचलेला असे; तो भरडून, जात्यावर दळून तिने पातोडी केली. पातोडी खानदेशात घरोघर होते. आजीचा शोध तिच्या काटकसरीत होता. बेसन पुरेना म्हणून त्यात ज्वारीचे पीठ. उकळत्या फोडणीच्या पाण्यात ते घोटून, तेलाचा हात लावलेल्या ताटात थापून वड्या पाडायच्या. रश्शाला सुके खोबरे परवडेना, तर भाजलेला कांदा, शेंगदाणे आणि तीळ वाटायचे. काळा मसाला मात्र तोच, जो पूर्वी मांसाच्या कालवणात पडे. पहिल्या वर्षी वड्या रश्शात विरघळल्या आणि सगळ्यांनी पिठल्यासारख्या ओरपल्या, असे आजी हसत सांगे. सरवा वेचणे हे मागणेच नव्हे का, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, “वाकून येचलं ते आपलं. कोनाच्या दारचं नाही.”

आमचे काही अभ्यासक म्हणतील, मांसाच्या जागी बेसन आले, म्हणजे हे वरच्या जातींचे अनुकरण. मला हे पटत नाही. महाडचा विरोध मांसाला नव्हता. मृत मांसाला आणि लाचारीला होता. हाती पैसे आले तेव्हा आमच्या घरी मटण शिजलेच, आणि पातोडीही राहिली. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले, शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये. तरीही ठरावानंतरचा स्वयंपाक हा आपल्या इतिहासाचा विषय अजून पुरेसा झालेला नाही. ठराव पुरुषांनी मांडले म्हणून ते नोंदले गेले. अंमल बायकांनी केला. त्याची नोंद फक्त जिभेवर राहिली.

अनुकरणाचा दोष द्यायचाच तर तो मला द्यावा. नोकरीच्या पहिल्या वर्षी जयंतीला दोन सहकारी घरी येणार होते. मी मायला सांगितले, आज पातोडी नको, श्रीखंड-पुरी कर. काळ्या मसाल्याच्या वासाची मला लाज वाटली होती. माय काही बोलली नाही. श्रीखंड-पुरी वाढून झाल्यावर तिने स्वतःसाठी आणि आजीसाठी झाकून ठेवलेले भगुले काढले. एका पाहुण्याला वास आला. त्याने वाटी पुढे केली.

आजी आता नाही. मी दरवर्षी पातोडी स्वतः थापतो. ज्वारीचे पीठ किती घालायचे, हे तिला विचारायचे राहून गेले.