डिझायनरचा पोर्टफोलिओ पारखायचा कसा? प्रेरणा कुठे संपते, नक्कल कुठे सुरू होते?

बिहान्स, ड्रिबल आणि डिझायनरांच्या स्वतःच्या वेबसाइटवर हजारो कामं फुकट पाहता येतात. जव्हार तालुक्यातल्या जामसरहून मोबाइलवर पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही तीच कामं दिसतात, जी मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकणाऱ्याला दिसतात. पण नुसतं पाहून हाताला वळण लागत नाही, काम पारखावं लागतं.

पोर्टफोलिओ नेमका काय सांगतो?

पोर्टफोलिओ ही डिझायनरने स्वतःची केलेली जाहिरात असते. फसलेले प्रयत्न आणि ग्राहकाने नाकारलेले पर्याय त्यात क्वचितच असतात. २००९ साली सुरू झालेल्या ड्रिबलवर सुरुवातीला काम ४०० बाय ३०० पिक्सेलच्या चौकटीत दाखवलं जायचं. एवढ्या तुकड्यात बटण देखणं दिसतं, पण पूर्ण ॲप वापरायला कसं आहे ते कळत नाही. म्हणून लाइक किती, हा निकष पुरेसा नाही.

काय तपासायचं?

- काम खरं की सरावाचं? एखाद्या प्रसिद्ध ब्रँडचा नवा लोगो दिसला, तर तो ब्रँडने मागितला होता की डिझायनरने हौसेने केला, ते पाहा. हौसेच्या कामात बजेट, मुदत आणि ग्राहकाचा नकार नसतो.
- कोणाचा वाटा किती? मोठं काम टीमचं असतं. प्रामाणिक पोर्टफोलिओत फोटो, अक्षरं, चित्रं कोणाची, ते लिहिलेलं असतं.
- अडचण सांगितली आहे का? कच्ची रेखाटनं आणि निर्णयांची कारणं असतील, तर तिथे थांबा. शिकण्यासारखं तिथेच असतं.
- मॉकअप की प्रत्यक्ष वापर? संगणकावर पिशवीवर चिकटवलेला लोगो आणि छापून दुकानात आलेली पिशवी यांत फरक आहे.
- मजकूर वाचता येतो का? वेब सुलभतेच्या निकषांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. फिकट करड्या अक्षरांची कित्येक ‘सुंदर’ पानं इथेच नापास होतात.

मराठीत तेच डिझाइन चालेल का?

बरेचदा नाही. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार खाली उतरतो. इंग्रजी पोस्टरमधलं ओळींमधलं कमी अंतर मराठीत जसंच्या तसं घेतलं, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

त्यामुळे मराठी अक्षरांवरचं कामही पाहायला हवं. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रचला. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. ‘मोदक’मध्ये स्वतःचं गाव किंवा एखादं अवघड जोडाक्षर टाइप करून पाहा. इतक्या जाड अक्षरात आतली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते, तरी अक्षर वाचता येतं. आयआयटी मुंबईच्या आयडीसीचं ‘डीसोर्स’ हे डिझाइन शिकण्याचं मोफत संकेतस्थळही उपयोगी आहे.

पोर्टफोलिओत वारली चित्रं दिसली तर?

इथे जव्हार-मोखाड्याच्या विद्यार्थ्याची नजर अधिक तयार असू शकते. लग्नाचा चौक ही नुसती नक्षी नाही. त्यात पालघट देवी असते आणि तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा असतो. ही कला कागदावर आणून जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे याच जिल्ह्यातल्या डहाणूचे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणून बाटलीवर किंवा टी-शर्टवर तारपा नाच दिसला, की चित्रकाराचं नाव दिलं आहे का, हे आधी शोधा. नाव नसेल, तर तो पोर्टफोलिओ कितीही देखणा असो, त्यात मोठी उणीव आहे.

मग नक्कल कशाला म्हणायचं?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संरक्षण कल्पनेला नसतं, तिच्या प्रत्यक्ष मांडणीला असतं. त्यासाठी नोंदणीही सक्तीची नाही. म्हणजे ‘एकच रंग वापरून पोस्टर’ ही कल्पना कोणीही घेऊ शकतो, पण तेच चित्र आणि तीच रचना उचलता येत नाही.

यावर सोपा उपाय आहे. आवडलेल्या प्रत्येक कामाखाली वहीत तीन वाक्यं लिहा: अडचण काय होती, डिझायनरने काय ठरवलं, आपल्याकडे ते कुठे लागू पडेल. मग वेबसाइट बंद करून गावातल्या एखाद्या दुकानाची पाटी किंवा ग्रामपंचायतीची सूचना नव्याने रचून पाहा. मूळ काम समोर नसताना जे हाती उरतं, ते शिकलेलं असतं.