नेसरीची वाट : घाटरस्त्यांवरील दुचाकी सफर

पावसाळा ओसरला की सह्याद्रीच्या घाटवाटांवर दुचाकीस्वारांचे जथे दिसू लागतात. पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव येथील नोकरदार आणि विद्यार्थी शनिवारी पहाटे घर सोडतात आणि रविवारी रात्री परततात. गोवा किंवा तळकोकण हे त्यांचे नेहमीचे ठिकाण. महामार्गाचा कंटाळा आलेले अनेकजण मात्र गडहिंग्लजवरून आत वळून नेसरी, चंदगड, तिलारी अशी वळणावळणाची वाट धरतात. वाट देखणी आहे, वर्दळही तुलनेने कमी आहे. पण सपाट महामार्गावरच्या सवयी घेऊन तिच्यावर उतरणाऱ्याला ती क्षमा करीत नाही. त्या दृष्टीने या मार्गाची आणि घाटात दुचाकी चालविण्याच्या शास्त्राची ही माहिती.

मार्ग कोणता?

पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता नव्या क्रमवारीत ४८ क्रमांकाचा झाला आहे. कोल्हापूर, कागल ओलांडून पुढे गेले की कर्नाटकाची हद्द लागते. निपाणीनंतरचा तवंदी घाट हा या टप्प्यातला एकमेव चढ-उतार. संकेश्वरला महामार्ग सोडून उजवीकडे वळले की पुन्हा महाराष्ट्रात, मिरचीच्या बाजारासाठी आणि फुटबॉलच्या वेडासाठी प्रसिद्ध असलेल्या गडहिंग्लज शहरात प्रवेश होतो. तेथून नेसरी सुमारे वीस किलोमीटर. म्हणजे कोल्हापूर ते नेसरी हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे.

नेसरीपासून पुढे दोन पर्याय आहेत. पहिला अडकूरमार्गे चंदगड, तेथून हेरे, तिलारीनगर आणि तिलारी घाट उतरून दोडामार्ग व गोवा. दुसरा पर्याय गडहिंग्लजला परत येऊन आजरा, आंबोली घाट आणि सावंतवाडी असा. आंबोलीचा रस्ता रुंद आहे, वाहतूकही मोठी आहे. तिलारी घाट जलविद्युत प्रकल्पाच्या निमित्ताने झालेला. अरुंद, तीव्र उताराचा आणि एकापाठोपाठ एक आकडी वळणांचा. नवशिक्या चालकाने पहिल्या सफरीत आंबोलीचा मार्ग घ्यावा, हे शहाणपणाचे.

वाटेत थांबण्याजोगी ठिकाणे बरीच आहेत. गडहिंग्लजजवळ सामानगड, चंदगड तालुक्यात गंधर्वगड, कलानिधीगड आणि पारगड हे किल्ले आहेत. पारगडाची किल्लेदारी तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांच्याकडे होती. आंबोली हे हिरण्यकेशी नदीचे उगमस्थान.

नेसरीची खिंड

नेसरीचे नाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते रस्त्यामुळे नव्हे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, स्वराज्याचे सरनोबत प्रतापराव गुजर यांनी येथील खिंडीत आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर चाल केली. आदल्या वर्षी उमराणीच्या लढाईत शरण आलेल्या खानाला त्यांनी सोडून दिले होते आणि खान पुन्हा स्वराज्यावर उलटला होता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या खरमरीत पत्राने जिव्हारी लागलेले प्रतापराव, परंपरेनुसार केवळ सहा साथीदारांसह, आपल्या सैन्याची वाट न पाहता शत्रूवर तुटून पडले. सातही जण कामी आले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, ६ जून रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला; सरनोबतपद हंबीरराव मोहिते यांच्याकडे गेले. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे आणि तिच्या गीतामुळे ही घटना घराघरांत पोहोचली. खिंडीतील स्मारकापाशी आज दुचाकीस्वार आवर्जून थांबतात.

येथे माथा टेकविणाऱ्या प्रत्येकाने एक भेद ध्यानात ठेवावा. त्या सातांपुढे शत्रू होता आणि मागे स्वराज्याचा प्रश्न. सुटीच्या दिवशी घाटात सुसाट सुटणाऱ्या सातजणांपुढे उसाचा ट्रॅक्टर असतो आणि मागे घरची माणसे. बलिदान आणि बेपर्वाई यांत गल्लत करणे हा त्या वीरांचा सन्मान नव्हे.

वेग ठरवतो कोण?

सपाट रस्त्यावर वेग इंजिन ठरवते. घाटात तो नजर ठरवते. जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे, हा घाटातील पहिला आणि शेवटचा नियम.

यामागील हिशेब सोपा आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सामान्य चालकाला साधारण दीड सेकंद लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच २५ मीटर सरले. कोरड्या, चांगल्या डांबरावर पुढे थांबायला आणखी सुमारे २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर. ताशी ४० च्या वेगात हेच अंतर सुमारे २७ मीटर भरते. रस्ता ओला असेल तर ६० च्या वेगासाठी ते ६५ मीटरांच्या घरात जाते. हे आकडे सपाटीचे; उतारावर ते आणखी वाढतात. घाटातील आंधळ्या वळणावर पुढचा रस्ता अनेकदा तीस मीटरच दिसतो. अशा ठिकाणी ६० च्या वेगाने शिरणारा चालक कितीही कुशल असला, तरी समोर उभ्या असलेल्या वाहनाला चुकवणे त्याच्या हाती राहत नाही.

वळण आणि उतार

वेग कमी करायचा तो वळणापूर्वी, वळणात नव्हे. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक वापरून वेग उतरवावा, योग्य गिअर टाकावा, नजर वळणाच्या टोकाकडे ठेवावी आणि हलक्या, एकसारख्या थ्रॉटलवर वळण पार करावे. गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरते. नजर खड्ड्यावर वा दरीकडे खिळली की गाडीही तिकडेच जाते. म्हणून जिकडे जायचे तिकडेच पाहावे.

डावीकडच्या वळणावर गाडी नकळत मध्यरेषेकडे सरकते आणि समोरून वळण कापत येणाऱ्या बसची गाठ पडते. आपल्या मार्गिकेच्या आतच राहावे. चालकाचे डोकेही मध्यरेषेपलीकडे झुकता कामा नये. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा, रात्री दिव्याची उघडझाप करावी.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन बंद करण्याची पेट्रोल वाचविणारी सवय अत्यंत घातक आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका टळतो. अरुंद रस्त्यावर दोन वाहने समोरासमोर आली, तर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियमच आहे.

या भागातले धोके

प्रत्येक घाटाचा स्वभाव वेगळा असतो. या पट्ट्यात पाच गोष्टींचे भान हवे.

ऊस : हंगामात गडहिंग्लज आणि चंदगड तालुक्यांतील रस्ते उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी आणि बैलगाड्यांनी भरलेले असतात. अनेक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. अंधार पडल्यावर हा सर्वांत मोठा धोका. रस्त्यावर सांडलेला ऊस आणि शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल गाडी घसरवतो.

पाऊस : आंबोलीत वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो. दरड कोसळणे नित्याचे. रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते. तेथे पाय टेकणेही धोक्याचे.

धुके : आंबोली आणि तिलारीच्या माथ्यावर दाट धुके उतरते. अशा वेळी दिवा डिपरवर ठेवावा, अप्पर नको. नाही तर समोर केवळ पांढरी भिंत दिसते.

वन्यप्राणी : २००२ च्या सुमारास कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावर आजरा, चंदगड, दोडामार्ग भागात तेव्हापासून आहे. गवेही संध्याकाळी रस्त्यावर येतात. हत्ती दिसल्यास हॉर्न न वाजवता लांब थांबावे.

गर्दी : पावसाळी सुट्ट्यांच्या दिवशी धबधब्यांजवळ वाहने कशीही उभी असतात आणि माणसे रस्त्याच्या मधोमध छायाचित्रे काढतात.

गटाने जाताना

गटाचा वेग सर्वांत कमी अनुभवाच्या चालकाने ठरवावा. त्याला पुढून दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे, अनुभवी चालक आघाडीला आणि दुसरा अनुभवी सर्वांत मागे. मोकळ्या रस्त्यावर गाड्या आडव्या-तिरप्या दोन ओळींत, घाटात मात्र एकाच ओळीत आणि पुरेसे अंतर राखून असाव्यात. कोणी मागे पडला तर त्याने घाई करून गाठू नये. पुढच्या फाट्यावर बाकीचे थांबतील, हे निघतानाच ठरलेले असावे. गटातील बहुतेक अपघात मागे पडलेल्याच्या घाईतून होतात, असे अनुभवी मंडळी सांगतात.

घाटात ताशी सरासरी तीस-पस्तीस किलोमीटरच पडतात, हे गृहीत धरून दिवसाचा आराखडा करावा. पुणे ते नेसरी हे सव्वातीनशे किलोमीटरांच्या घरातले अंतर एका दिवसासाठी भरपूर झाले. दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत, पाणी प्यावे. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. पेट्रोल गडहिंग्लजलाच भरून घ्यावे.

गाडी आणि साहित्य

अशा सफरीला मोठी, महागडी गाडी लागतेच असे नाही. शंभर सीसीची गाडीही उत्तम असते, तिची निगा नीट हवी एवढेच. निघण्यापूर्वी टायरची नक्षी व हवा, ब्रेकचे पॅड, साखळीचा ताण व तेल, क्लच केबल, दिवे आणि इंडिकेटर तपासावेत. मागे माणूस वा सामान असेल तर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे हवा वाढवावी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले. त्यामुळे जोराचा ब्रेक लागला तरी चाक जाम होत नाही. पण ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर त्याने नाहीसे होत नाही.

सोबत पंक्चरचे साहित्य, जादा क्लच केबल, टॉर्च, रेनकोट, प्रथमोपचार पेटी असावी. सामान पाठीवर न लादता सीटला घट्ट बांधावे. जाड जाकीट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट ही चैन नसून गरज आहे.

हेल्मेट आणि कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम १२९ नुसार चालक आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची रक्कम एक हजार रुपये झाली आणि परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट घ्यावे आणि पट्टा लावावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसल्याने मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांतील १४ हजारांहून अधिक मागे बसलेले प्रवासी होते.

परवाना, नोंदणी, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे डिजिलॉकर वा एम-परिवहन अॅपवर दाखविता येतात. पण घाटात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा प्रती जवळ असाव्यात.

अपघात झाल्यास

आधी मागून येणारी वाहने थांबवावीत, मग जखमीकडे जावे. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये. मानेला इजा असल्यास ते जीवघेणे ठरते. रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून धरावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. रेंज नसेल तर एकाने जवळच्या गावाकडे जावे, दुसऱ्याने जखमीपाशी थांबावे. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ नुसार कायद्याचे संरक्षण आहे; नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या मार्गाचा उत्तम काळ. हवा थंड, डोंगर हिरवे आणि रस्ता बहुतांशी कोरडा असतो. पहाटे निघावे, सावकाश जावे. नेसरीहून तिलारीच्या माथ्यापर्यंतचा सह्याद्री डोळे भरून पाहायचा असेल, तर त्यालाही कमी वेगच लागतो.