पानिपतच्या मोहिमेतील रसद आणि गोविंदपंत बुंदेले

पानिपतच्या पराभवाची मीमांसा करताना मराठी इतिहासलेखनाने माणसांची नावे जितक्या तत्परतेने घेतली, तितक्या तत्परतेने दाणावैरणीचा हिशेब मांडलेला नाही. मल्हारराव होळकर, सूरजमल जाट आणि खुद्द सदाशिवरावभाऊ यांच्या पंक्तीला गोविंदपंत बुंदेल्यांना नेऊन बसविले ते मुख्यत्वे वि. का. राजवाडे यांनी. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील पत्रांच्या आधारे राजवाड्यांनी गोविंदपंतांवर हयगयीचा आणि पैसा दडविल्याचा ठपका ठेवला. बखरकारांनी दैव आणि सरदारांची भाऊबंदकी यांपाशी आणून सोडलेला विषय राजवाड्यांनी द्रव्य, नावा आणि धान्य यांपर्यंत आणला, हे त्यांचे श्रेय मोठेच आहे. परंतु तेथेही त्यांना एक अपराधी हवा होता. हीच पत्रे व्यवस्थेचा पुरावा म्हणून वाचली, तर निष्कर्ष बराच वेगळा निघतो.

मराठी फौजेची रसदव्यवस्था मुलूखगिरीच्या गरजेतून घडली होती. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे, मुलखावर पोट भरावे आणि पावसाळ्यापूर्वी परतावे, हा तिचा क्रम. वैरण व लाकूडफाटा आणण्यासाठी रोज कही निघे. धान्य वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर येई आणि छावणीच्या बाजारात विकले जाई. सरकारी कोठारातून शिपायाला शिधा मिळण्याऐवजी शिपाई रोख पैसा देऊन दाणा घेत असे. म्हणजे रसद ही अखेरीस पैशाची बाब होती. पैसा संपला की वंजारी दुसऱ्या छावणीकडे वळणार हे ओघानेच आले. तो कोणाचाच चाकर नव्हता.

ही घडी हलक्या घोडदळासाठी ठीक होती. १४ मार्च १७६० रोजी पतदूरहून निघालेली फौज मात्र वेगळी होती. तिच्यात इब्राहिमखान गारद्याचे रोख पगारी पायदळ आणि जड तोफखाना होता. शिवाय सरदारांचे कबिले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे. खाणारी तोंडे लढणाऱ्या हातांपेक्षा अधिक होती. उदगीरच्या विजयाने निजामाकडून सुमारे ६० लाख उत्पन्नाचा मुलूख मिळाला होता खरा, पण तो कागदावरचा वसूल होता. त्यातून चैत्र-वैशाखात गारद्यांची देणी भागणार नव्हती. मोहिमेचा खर्च उत्तरेतील थकलेल्या वसुलातून निघेल, असे गृहीत धरले गेले. हे गृहीतच मोहिमेचा खरा पाया होते, आणि ते तपासून पाहिल्याचे दिसत नाही.

कारण तो वसूल यायचा कोठून? गोविंदपंत खेर हे मूळचे कोकणातील नेवऱ्याचे. सागरला राहून बुंदेलखंडाचा कारभार पाहिल्यामुळे बुंदेले हे नाव त्यांना चिकटले. इटाव्याकडील दुआबाची मामलतही त्यांच्याकडे होती. परंतु १७६० च्या उन्हाळ्यात अब्दालीची छावणी दुआबातच, अनूपशहरला होती. नजीबखान रोहिला त्याला धान्य व पैसा पुरवीत होता आणि शुजाउद्दौलाही जुलैत त्याला मिळाला. ज्या शेतांच्या साऱ्यावर मराठी फौज पोसायची, त्याच शेतांवर शत्रू चरत होता. मामलतीचा कागद गोविंदपंतांच्या दप्तरात आणि पीक रोहिल्यांच्या हाती, अशी ही स्थिती. पुण्याच्या किंवा छावणीच्या हिशेबात मात्र ते अद्याप कर्जदारच होते.

भाऊंनी उन्हाळ्यापासून त्यांना लिहिलेल्या पत्रांतून एका मामलेदाराकडे किती कामे सोपविली होती हे दिसून येते. वसूल करून पैसा पाठवावा, मागील हिशेब द्यावेत, इटाव्यापाशी यमुनेवर पूल बांधण्यासाठी नावा जमवाव्यात, जमीनदारांना आपल्याकडे वळवावे, शुजास थोपवावे, आणि पुढे शत्रूची रसद मारावी. सावकार, नावाडी, वकील आणि सेनापती ही चारही कामे वृद्ध महसुली अधिकाऱ्याने एकाच वेळी करायची होती. पत्रांची भाषा उत्तरोत्तर तगाद्याची होत जाते. तगादा वाढतो तसतसे साधन मात्र वाढत नाही. गोविंदपंतांनी सर्वच व्यवहार चोख ठेवला असा दावा कोणी करू नये. त्या काळच्या मामलेदारांत तसा विरळाच. पण यमुनेला आलेला पूर त्यांच्या हयगयीने आला नव्हता. इटाव्याचा पूल राहिला, दुआबात उतरण्याचा बेत फसला आणि फौज दिल्लीकडे वळली.

दिल्ली २ ऑगस्टला हाती आली. ती किल्ला म्हणून मोलाची, कोठार म्हणून रिकामी होती. दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवून नाणी पाडावी लागली, यावरून छावणीची दशा कळते. सूरजमल निघून गेला तो याच सुमारास. त्याच्या जाण्याची चर्चा राजकारणाच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. जवळचे एकमेव भरलेले कोठार त्याच्याबरोबर गेले, ही बाजू तितकीच महत्त्वाची होती. लढाईनंतर त्याच जाटाने पळून आलेल्या मराठ्यांना अन्नवस्त्र दिले.

१७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला. अब्दालीसाठी साठवलेले धान्य तेथे मिळाले आणि काही दिवस छावणीचे पोट भरले. पण कुंजपुरा दिल्लीच्या उत्तरेला. २५ ऑक्टोबरपासून अब्दालीने बागपतपाशी यमुना ओलांडली आणि तो दिल्ली व मराठे यांच्या मधे येऊन बसला. नोव्हेंबरच्या आरंभी पानिपतला खंदक खणून राहिलेल्या फौजेला दक्षिणेची वाट उरली नाही. अब्दालीच्या पाठीशी मात्र दुआब आणि रोहिलखंड होते. पतियाळाच्या आलासिंगाकडून येणारा दाणा हाच काय तो आधार, आणि तोही पुढे तुटला.

या टप्प्यावर गोविंदपंतांचे शेवटचे काम येते आणि आरोपपत्रात त्यालाच सर्वांत कमी जागा मिळाली आहे. ते दुआबात उतरले, अब्दालीकडे जाणारे धान्य मारू लागले आणि अफगाण छावणीत महागाई झाली. काशीराज पंडित हा शुजाच्या पदरचा, म्हणजे शत्रुपक्षातील साक्षीदार. त्याच्या वृत्तान्तातही ही टंचाई नोंदलेली आहे. अब्दालीने अताईखानाला त्वरेने पाठविले, तो याच उपद्रवाच्या निवारणासाठी. डिसेंबर १७६० मध्ये गाझियाबादच्या परिसरात बेसावध गाठून गोविंदपंतांना ठार करण्यात आले आणि त्यांचे शिर भाऊंकडे पाठविले गेले. महसुली शिबंदीच्या बळावर जे साधणार नव्हते, ते काही आठवडे त्यांनी साधले होते.

पुढचे सर्व घडणे क्रमप्राप्त होते. ७ डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे पडले. कहीसाठी रात्री बाहेर पडलेल्या बुणग्यांची मोठी कत्तल झाली. जानेवारीच्या आरंभी दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली तुकडी अंधारात वाट चुकून अफगाण छावणीतच शिरली. १३ जानेवारीस सरदार भाऊंकडे गेले ते दोन दिवसांची उपासमार सांगण्यासाठी. दुसऱ्या दिवशीच्या लढाईचा मुहूर्त भुकेने ठरविला होता.

नानासाहेब पेशवे मदतीला निघून माळव्यात भिलशापर्यंत आले होते. तेथे २४ जानेवारीच्या सुमारास त्यांच्या हाती एक पत्र लागले. ते त्यांच्या कोणत्याही सरदाराचे नव्हते. एका सावकाराचे पत्र घेऊन त्याचा जासूद दक्षिणेकडे चालला होता आणि नफानुकसानीच्या सांकेतिक भाषेत त्यात पानिपतची बातमी होती.