औषध बदलले नाही, जोड दिली

१९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामीन हे औषध नैराश्यावर गुणकारी असल्याचे जाहीर केले. मात्र काही रुग्णांना या वर्गातील औषधांनी उतार पडेना. १९८१ साली माँट्रियलच्या क्लोद द माँतिन्यी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अशा ८ रुग्णांचे चालू औषध बंद न करता त्यांनी त्याला लिथियमची जोड दिली होती. ४८ तासांतच रुग्णांना लक्षणीय उतार पडला.

८ जणांवरून सिद्धान्त ठरत नाही. परंतु पुढील नियंत्रित चाचण्यांनीही या उपायाला पुष्टी दिली. लिथियमची उपचारमात्रा आणि विषमात्रा यांतील अंतर थोडे, म्हणून नियमित रक्ततपासणी अनिवार्य ठरली.

एक औषध निष्प्रभ ठरले म्हणून रुग्ण असाध्य ठरत नाही, हाच या प्रयोगाचा वारसा.