तार, चिठ्ठी आणि आईची रेंज

गेल्या पावसाळ्यात आई परसात घसरून पडली. फार काही झालं नाही, मनगट मुरगळलं. पण ती पडल्यापासून शेजारच्या काकूंना कळेपर्यंत पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात मी पुण्यातून तिला सहा वेळा फोन लावला होता. सहाही वेळा ती ठरलेली बाई सांगत राहिली की ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. ग्राहक कुठेही बाहेर नव्हते. ग्राहक शिराळ्यात स्वतःच्या परसात, चिखलात बसले होते. फोन मात्र माजघरातल्या कोनाड्यात होता, आणि माजघरात आमच्याकडे कधीच रेंज नसते.

ज्यांनी आमचं घर पाहिलंय त्यांना सांगायला नको. दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. उन्हाळ्यात एसीची गरज नाही म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, पण उष्णतेला अडवणारी भिंत मोबाईलच्या लहरींनाही सोडत नाही. त्यात शिराळा डोंगरांच्या कुशीत. पेठ नाक्यावर भरलेले चार दांडे गावात येईपर्यंत दोन होतात आणि उंबरा ओलांडला की शून्य.

तर मी सुट्टी काढून, पिशवीत राऊटर, केबलचं भेंडोळं आणि क्रिंपिंगचा चिमटा घेऊन गावी गेले. नातेवाईकांत मी ‘कॉम्प्युटरवाली’ आहे. म्हणजे कुणाचाही प्रिंटर चालेनासा झाला की फोन मला येतो. म्हटलं, आता स्वतःच्या आईसाठी तरी हे ज्ञान कामाला येऊ दे.

पण राऊटरची गोष्ट नंतर. त्याआधी मामाची सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच मी सगळं काम दोनदा केलं.

मामा वारणेच्या पलीकडे, कोडोलीच्या अंगाला राहतो. वारणा नदी आमच्या बाजूला सांगली जिल्हा आणि त्याच्या बाजूला कोल्हापूर अशी वाटणी करते, पण ऊस दोन्हीकडे सारखाच. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणा कारखाना, दूध संघ, बझार, यांच्या भोवती तिथलं सगळं जगणं फिरतं. हात बांधलेल्या आईला बघायला मामा आला आणि माझ्या पिशवीतली केबल बघून हसला. म्हणाला, “आमच्याकडं बी आली हुती की ही तार. पंतप्रधानांच्या हापिसातनं.”

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. 1998 साली वाजपेयी सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी एक राष्ट्रीय कार्यदल नेमलं होतं, आणि खेड्यात संगणक नेऊन दाखवायचा पहिला मोठा प्रयोग म्हणून निवडलं गेलं वारणा. ‘वायर्ड व्हिलेज’ नावाची ती योजना. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातली मिळून 70 गावं, म्हणजे नदीच्या आमच्या अंगाचीही काही आली. खर्च साधारण अडीच कोटींचा. त्यातला निम्मा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा, 10 टक्के वारणा समूहाचा. तांत्रिक बाजू नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरकडे. गावागावात एक केंद्र, केंद्रात एक संगणक, एक प्रिंटर, आणि तो चालवणारा गावातलाच एक शिकलेला मुलगा.

1998 म्हणजे काय काळ होता ते आठवून बघा. देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळून तीन वर्षं झाली होती, 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने ते सुरू केलं. पहिला मोबाईल कॉलही त्याच वर्षी 31 जुलैला झाला, कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. पण मोबाईल ही आमच्यासाठी सिनेमातली वस्तू होती. मिनिटाला 16 रुपयांच्या आसपास दर, आणि आलेल्या कॉललाही पैसे. आमच्या घरी तर साधा फोनही नव्हता. मामाकडून निरोप यायचा तो शेजाऱ्यांच्या पीपी नंबरवर. शेजारचा मुलगा धावत यायचा, “काकू, फोन!” आणि आई पदराला हात पुसत पळायची. पलीकडे एसटीडी बूथवर मामा मीटरकडे बघत उभा असणार हे तिला माहीत असायचं. त्यामुळे ‘कसा आहेस’ वगैरे काही नाही. “कोण गेलं?” हा पहिला प्रश्न :)

अशा काळात गावात संगणक आला. त्यावर काय काय मिळणार होतं याची यादी मोठी होती. पिकांचा सल्ला, बाजारभाव, सातबारा, सरकारी योजना, शिक्षण, आरोग्य. परदेशातून लोक बघायला आले, वर्तमानपत्रांत फोटो छापून आले.

मामाला विचारलं, तू काय बघितलंस त्यावर?

“म्या? ऊस.”

म्हणजे आपल्या उसाची नोंद झाली का, तोड कधी, किती टन भरला, खताचे किती कापले, बिल किती निघालं. एवढंच. ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांना याचं गांभीर्य कळणार नाही. ऊस पक्व झाल्यावर तोड लांबली की फडात उभ्या उभ्या वजन घटतं. तुरा आला की जीव वर येतो. टोळी कधी येणार हे चिटबॉयच्या हातात, आणि चिटबॉय सापडतो कुठे हे देवाच्या हातात. वर्षाची सगळी कमाई, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न त्या एका चिठ्ठीवर अडकलेलं असतं. त्यामुळे मामाला बाजारभाव नको होते (उसाला कसला आलाय रोजचा बाजारभाव?), त्याला हेलपाटा वाचवायचा होता. आणि तो वाचला, हेही तो प्रामाणिकपणे सांगतो. आधी कारखान्याच्या शेती ऑफिसात जाऊन विचारावं लागायचं ते गावातच कागदावर छापून मिळायला लागलं. एकाच जागी सगळ्यांची नोंद असल्याने माझं मागे का आणि त्याचं पुढे का, असं विचारता यायला लागलं.

बाकीची यादी मात्र मागे पडली. संगणक जुने होत गेले, वीज जायची, दुरुस्ती करायला माणूस बाहेरून यायचा. शेवटी ती केंद्रं मुख्यतः उसाच्या हिशेबाची केंद्रं झाली.

यापुढचा भाग मामाला माहीत नव्हता. मला होता, कारण कामाच्या निमित्ताने मी तो कधीतरी वाचला होता. तो आपल्याच नदीकाठचा आहे, हे मात्र तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं याची आता लाज वाटते. बंगळुरूला 2005 साली मायक्रोसॉफ्टची संशोधन शाळा सुरू झाली. तिथल्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी वारणेत येऊन बघितलं की हे संगणक प्रत्यक्षात करतात काय. उत्तर सोपं होतं. थोडे आकडे इकडून तिकडे जातात. मग त्यासाठी संगणक कशाला? तोवर 2003 उलटून गेलं होतं, येणारे कॉल फुकट झाले होते आणि टॉर्चवाला नोकिया 1100 शेताशेतात पोचला होता. त्यांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. गावाच्या केंद्रातला संगणक काढून तिथे मोबाईल. मुख्य कार्यालयात एका संगणकाला केबलने जोडलेला एक फोन. गावातून ठरलेल्या खुणेचा एसएमएस जायचा, तो फोन घ्यायचा, संगणक उत्तर शोधायचा आणि तोच फोन ते उलट पाठवायचा. बस्स. नाव दिलं ‘वारणा अनवायर्ड’. संगणकावर होत होतं ते सगळं यात झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना हेच जास्त आवडलं, असं त्यांच्या निबंधात लिहिलेलं आहे.

तांत्रिकदृष्ट्या मला यात सगळ्यात गोड वाटते ती काटकसर. एका एसएमएसमध्ये फक्त 140 बाईट मावतात. इंग्रजी अक्षरं 160, पण देवनागरी म्हटलं की जेमतेम 70. (जुने लोक ‘kasa ahes’ असं मराठी का लिहायचे ते यावरून कळेल. एक निरोप दोन मेसेजच्या भावात कोण पाठवणार!) पण सभासद नंबर आणि टनाचा आकडा यांना 160 अक्षरं रग्गड झाली. आणखी एक गंमत. जीएसएममध्ये एसएमएस बोलण्याच्या वाटेने जात नाही, फोन आणि टॉवर यांच्यात सतत चालू असलेल्या खुणांच्या वाटेने जातो. म्हणून नागपंचमीला शिराळ्यात पाय ठेवायला जागा नसायची आणि एकाचाही फोन लागायचा नाही, तेव्हाही ‘मंदिरापाशी आहे’ एवढा मेसेज कसाबसा पोचायचा. गर्दीत आजही आधी मेसेज करून बघा.

तोयामांनी पुढे 2015 साली ‘गीक हेरेसी’ नावाचं पुस्तक लिहिलं. यंत्र स्वतः काही बदलत नाही, माणसांत आणि संस्थेत जे आधीपासून असतं तेच वाढवतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटत नाही. पीपी नंबरने आणि एसटीडी बूथने आईचं आयुष्य बदललं नव्हतं असं मला कुणी सांगू नये. पण वारणेपुरतं खरं आहे. तिथे कारखान्याचा हिशेब आधीपासून चालू होता, म्हणून त्याला तार लागू पडली. जे आधी नव्हतंच ते तारेतून येणार कुठून?

असो. आता राऊटर.

मी पहिल्या दिवशी काय केलं? फायबरचं कनेक्शन घेतलं, बसवायला आलेल्या मुलाने त्याच्या सोयीने सोप्यात, टीव्हीच्या मागे डबा ठोकला, आणि मी मोबाईलवर वेग मोजून खूश झाले. आईला व्हिडिओ लावून दाखवले, कीर्तन लावून दिलं, रेसिपी शोधून दिल्या. तिने सगळं शांतपणे बघून घेतलं आणि विचारलं, “मागच्या दारी फोन वाजंल का?”

नव्हता वाजणार. सोप्यातून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, मग परस. मध्ये तीन भिंती. मीही गावात संगणक आणून बसवला होता, आणि उसाचं कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने. ज्यांची घरं अशी आहेत त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. जाड भिंतीतून वायफाय ढकलायच्या भानगडीत पडू नका. ते रिपीटर नावाचे प्लगात बसणारे डबे स्वस्त असतात, पण बहुतेक एकाच लहरीवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग निम्मा होतो. आणि जिथे मुळात सिग्नल नाही तिथे ते वाढवणार काय? भिंतीतून केबल न्यावी. कॅट सिक्स केबल 100 मीटरपर्यंत चालते, आमचं घर त्याच्या पाव भागातही बसतं. माळ्यावरून, वाशांच्या कडेने ती स्वयंपाकघरापर्यंत नेली आणि तिथे घरातला जुना राऊटर लावला. त्याचं इतरांना पत्ते वाटायचं काम, डीएचसीपी म्हणतात ते, आठवणीने बंद करावं लागतं, नाहीतर एका घरात दोन कारभारी होतात. केबलही त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात न घालता बाकीच्या चारांपैकी एकात घालायची. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला की फोन चालता चालता आपणहून इकडून तिकडे जातो. लहर 2.4 ची ठेवली. 5 वेगवान खरी, पण भिंतीपुढे ती लवकर हरते. डबा खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवला, परसाकडे तोंड करून.

मुख्य गोष्ट मात्र फोनमधल्या सेटिंगची. ‘वायफाय कॉलिंग’ नावाचं एक बटण असतं. आपल्याकडे ते 2019 च्या डिसेंबरपासून मिळायला लागलं. ते चालू केलं की टॉवरची रेंज नसली तरी नेहमीचा फोन, नेहमीच्याच नंबरवर, घरातल्या इंटरनेटवरून येतो. व्हॉट्सॲप नको, काही नको. फोन जरा बरा लागतो आणि आपल्या सिमवाल्या कंपनीने ती सोय दिलेली असावी लागते. एवढं पाहून घ्या.

वीज गेली की हे सगळं बंद पडतं, आणि पावसाळ्यात वीज जाणारच. राऊटरचे 12 व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, दोन घेतले. फायबरच्या डब्यालाही एक लागतं हे मी विसरले होते, म्हणून पुन्हा एक मागवलं. विजा कडाडायला लागल्या की पूर्वी मोडेमची तार काढून ठेवावी लागायची, तांब्याच्या तारेतून झटका येऊन मोडेम जळायचे. काचेच्या तंतूतून तो येत नाही. पण अडॅप्टरच्या वाटेने येतो, तेव्हा प्लग काढायची आईची जुनी सवय मी मोडली नाही. यूपीएसवर ते चालू राहतं.

मामा हे सगळं बघत ओट्यावर बसला होता. तेवढ्यात त्याच्या खिशात मेसेज वाजला. चष्मा नव्हता, म्हणून फोन माझ्याकडे दिला. त्या दिवशीची खेप काट्यावर भरल्याचा मेसेज होता, गाडी नंबर आणि टनांसकट. आता तर उसाची नोंद करायलाही साखर आयुक्तालयाने 2022 साली ॲप काढलंय. मी आकडा वाचून दाखवला. मामाने बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि म्हणाला, “दीड टन कमी दिसतंय. उद्या जाऊन बघतो.” म्हणजे हेलपाटा चुकला नाहीच.

पुण्याला परतले त्या संध्याकाळी मी आईला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मागे कोंबडी ओरडत होती.

“कुठे आहेस?”

“मागच्या दारी. कढीपत्ता तोडतेय. ठेव आता, एक हात अजून दुखतोय.”