ठाण्यातले चार हुतात्मे आणि न जळलेला जेम्स

माझी आजी रोह्याची, माळकरी. पीएचडीच्या पहिल्याच वर्षी मी तिच्याशी एक वाद घातला होता, त्याची अजून थोडी लाज वाटते. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं तेवढीच नामदेवांनी वेचून पंढरपूरला नेली, ही कथा ती सांगत होती. मी म्हटलं, "आजी, हाडं बोलत नाहीत." ती म्हणाली, "बरं. मग महाद्वारापाशी पुरलंय काय?"

तेव्हा मी हसलो. आता माझं सगळं काम याच प्रश्नाभोवती फिरतंय. चमत्कार बाजूला काढला की कथेत काय उरतं, आणि काहीच उरत नाही असं म्हणायची घाई आपण का करतो?

चोखोबांचं साल १३३८ धरतात. त्याच्या सतरा वर्षं आधी, एप्रिल १३२१ मध्ये, पेणहून फार लांब नसलेल्या ठाण्यात चार ख्रिस्ती साधू मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दिमित्री. चौघेही फ्रान्सिस्कन. निघाले होते कोल्लमला, पण वादळानं जहाज ठाण्याला आलं. तिथे नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, त्यांच्याकडे ते उतरले.

ही कथा आपल्याला मुख्यतः ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशामुळे माहीत आहे. तो घटनेच्या वेळी तिथे नव्हता, थोड्याच काळानं ठाण्याला आला आणि लोकांकडून ऐकलं. त्याच्या सांगण्यानुसार प्रकरण सुरू झालं नवरा-बायकोच्या भांडणावरून. यजमानानं बायकोला मारलं, ती काझीकडे गेली, साक्षीदार म्हणून तिनं या पाहुण्यांची नावं घेतली. पीटर सामान राखायला घरी थांबला, बाकीचे गेले. तिथे भांडण राहिलं बाजूला आणि धर्मावर वाद पेटला. महंमदांबद्दल तुमचं मत काय, असं विचारलं गेलं, आणि जे उत्तर मिळालं त्यानं सगळं बिघडलं.

मग चमत्कार. जेम्सला आगीत घातलं, तो जळला नाही. काझी म्हणाला, याचा अंगरखा अब्राहामच्या देशातला आहे, म्हणून वाचला. मग कपडे उतरवून, अंगाला तेल लावून, आणखी मोठ्या आगीत टाकलं. तरी नाही. लोक म्हणू लागले, ही पवित्र माणसं आहेत. मलिकनं, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्यानं, त्यांना खाडीपल्याड निघून जायला सांगितलं. पण काझीनं त्याचं मन वळवलं. रात्री हत्यारबंद माणसं गेली आणि त्यांना ठार केलं. मागे राहिलेला पीटर नंतर मारला गेला.

आता आगीचं काय करायचं? दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या स्मिर्ना शहरात, पॉलिकार्प या वृद्ध बिशपला जाळायला घेतलं तेव्हा ज्वाळा शिडासारख्या फुगून त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि भाजत्या पावासारखा वास आला, असं तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या पत्रात आहे. शेवटी त्याला खंजिरानं मारावं लागलं. त्याआधी दानिएलच्या ग्रंथातली भट्टीतली तीन माणसं. मुसलमानांकडे नमरूदच्या आगीतून सुखरूप निघालेला इब्राहिम, म्हणून तर काझीच्या तोंडचा तो आक्षेप इतका नेमका बसतो. आपल्याकडे प्रल्हाद. म्हणजे आग न लागणं ही खरा भक्त ओळखायची सगळ्यांची खूण. अशा ठिकाणी इतिहासकारानं थबकावंच. याउलट उत्तर आफ्रिकेतल्या सिल्लीच्या बारा हुतात्म्यांची इ. स. १८० ची कथा बघा: प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर, शिक्षा. चमत्कार एकही नाही. कोर्टाचा कागद वाचल्यासारखं वाटतं.

आणखी एक गोष्ट मला खटकते. ओदोरिकनं हा वृत्तांत १३३० च्या मे महिन्यात सांगितला आणि गुल्येल्मो नावाच्या साधूनं उतरवून घेतला. कुठे? पादुआच्या मठात. आणि आगीतून वाचणारा कोण, तर पादुआचा जेम्स! याला मी पुरावा म्हणणार नाही, पण संशय घ्यायला ही जागा पुरेशी आहे.

मग सगळं बनावट? नाही. त्या चौघांबरोबर जॉर्डन नावाचा डॉमिनिकन साधू होता. त्याला फारसी बरी येत होती, म्हणून तो भडोचकडे निघाला होता. वाटेत सोपाऱ्याला त्याला अटकेची बातमी लागली, परत आला तर सगळं संपलेलं. १३२४ च्या जानेवारीतल्या पत्रात तो लिहितो की जिनोव्हाच्या एका तरुणाच्या मदतीनं आपण चौघांचे देह सोपाऱ्याला नेऊन तिथल्या चर्चमध्ये पुरले. तीन वर्षांच्या आत, बरोबर आलेल्या माणसानं लिहिलेलं. मरण आणि दफन याबद्दल मला शंका उरत नाही. ओदोरिकनं पुढे हाडं काढून थेट चीनमधल्या झैतूनच्या मठात पोचवली. वाटेत वारा पडला तेव्हा एक हाड समुद्रात टाकल्यावर जहाज हललं, असं तो म्हणतो. वाऱ्याचं त्यालाच ठाऊक, पण हाडं नेण्याइतकी श्रद्धा होती हे नक्की, आणि श्रद्धा ही सुद्धा घटना असते, तिची तारीख लावता येते. थॉमसच्या पूजनाला रोमनं मान्यता दिली ती १८९४ मध्ये.

माझा सगळ्यात जास्त विश्वास मात्र त्या भांडणावर बसतो. संतचरित्र रचणारा माणूस सुरुवात अशी कशाला करेल? यजमान ख्रिस्ती, तोच बायकोला मारतो, आणि ती न्याय मागायला काझीकडे जाते. हे कुणाच्याच सोयीचं नाही. हल्ली ही कथा 'बघा, त्यांनी कसं मारलं' एवढ्यासाठी वापरणारे भेटतात. त्यांना लोकांचा आरडाओरडा आणि मलिकचं 'पळा' हे दोन्ही गाळावं लागतं. आणि सगळं काल्पनिक म्हणून झटकणाऱ्यांना सोपाऱ्याचं दफन.

गणपतीत रोह्याला गेलो तेव्हा आजीला हे सगळं सांगितलं. आगीच्या गोष्टीवर तिनं नुसती मान हलवली, तिला त्यात काही नवल वाटलं नाही. मग म्हणाली, "त्या बाईचं पुढे काय झालं रे?"

ओदोरिकनं तिचं नावही लिहिलेलं नाही.