फ्लाइट सिम्युलेटर: टॅक्सी करताना विमान पिवळ्या रेषेवर कसं ठेवायचं?

फ्लाइट सिम्युलेटर नवीनच सुरू केलं की टेकऑफ राहतो बाजूला, विमान आधी गवतात जातं. कारण आपल्याला कार गेमची सवय असते: स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळली. पार्किंगपासून रनवेपर्यंत विमान चाकांवर चालवत नेणं म्हणजे टॅक्सी करणं, आणि तिथे ही सवय चालत नाही. का ते पाहूया.

जमिनीवर विमान वळतं कशाने?

जॉयस्टिक डावी-उजवीकडे केली की पंखांवरचे एलरॉन हलतात. टॅक्सीच्या कमी वेगात त्याने दिशा बदलत नाही. त्यासाठी या तीन गोष्टी असतात:

- रडर पेडल: पायाने पुढचं चाक थोडंसं वळतं. सेस्ना १७२ मध्ये सुमारे १० अंश, एअरबस ए३२० मध्ये फक्त ६ अंश.
- टिलर: मोठ्या विमानात पायलटच्या बाजूला असलेलं छोटं हँडल. ए३२० चं पुढचं चाक याने ७५ अंशांपर्यंत वळतं.
- एका बाजूचा ब्रेक: डावा ब्रेक दाबला की विमान डावीकडे वळतं. सेस्नाचं पुढचं चाक या मदतीने ३० अंशांपर्यंत जातं.

आधी वेग, मग वळण

विमान रेषेवर राहत नसेल तर बहुतेक वेळा वेग जास्त असतो. सरळ टॅक्सीवेवर साधारण २० नॉट (ताशी ३७ किमी) पुरेसे आहेत, वळणाआधी १० नॉटपर्यंत खाली या. जेट विमान थ्रॉटल आयडलवर असतानाही वेग पकडू शकतं. अशा वेळी ब्रेक सतत घासत ठेवू नका. एकदा नीट दाबून वेग कमी करा आणि सोडून द्या.

कीबोर्डवरची गोची

मोफत मिळणाऱ्या फ्लाइटगिअरमध्ये नमपॅडवरचं ० दाबलं की रडर डावीकडे, एंटर दाबलं की उजवीकडे जातो. पण बोट उचललं तरी रडर मधे परत येत नाही, आहे तिथेच राहतो! त्यामुळे वळण संपत आलं की ५ दाबून तो मधे आणा. स्वल्पविरामाची की डावा ब्रेक, पूर्णविरामाची की उजवा ब्रेक.

मोबाईलवर रडरसाठी स्क्रीनवर स्लायडर असेल तर बोट हळू सरकवा. जॉयस्टिक असेल तर सेटिंगमध्ये मधल्या भागाची सेन्सिटिव्हिटी कमी करा, म्हणजे छोटे बदल जमतील.

नजर लांब ठेवा

नाकासमोरची रेषा बघत बसलात तर विमान नागमोडी जाणार. कारण तुम्ही रडर देता, विमान जरा उशिरा वळतं, तोवर तुम्ही अजून रडर देता. त्यापेक्षा रेषा पुढे कुठे जाते ते पाहा, थोडा रडर द्या, परिणाम दिसू द्या, मग पुढचा. आणखी एक गोष्ट: कॅप्टन डाव्या सीटवर बसतो, त्यामुळे विमान बरोबर मधे असताना रेषा तुमच्या किंचित उजवीकडे दिसते.

मोठ्या विमानाचं वळण

प्रवासी विमानात पायलट पुढच्या चाकाच्याही पुढे बसतो, आणि मागची चाकं वळणाच्या आतल्या बाजूने जातात, अगदी एसटी बससारखी. म्हणून काटकोनी वळणावर कॉकपिट रेषेच्या थोडं पुढे जाऊ द्यायचं आणि मग वळवायचं. बोइंग ७७७-३०० ईआर मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे ३१ मीटर अंतर असतं. त्यामुळे चाकं दिसावीत म्हणून त्यात कॅमेरेसुद्धा बसवलेले असतात.

एवढी अचूकता कशाला?

साधा हिशोब करू. ए३२० च्या आकाराच्या विमानांसाठी टॅक्सीवे १५ मीटर रुंद असू शकतो. ए३२० च्या मागच्या चाकांची बाहेरून बाहेरपर्यंत रुंदी जवळपास ९ मीटर. म्हणजे अगदी मधून गेलात तरी दोन्ही बाजूंना उरतात जेमतेम ३ मीटर. खऱ्या पायलटला हीच जागा सांभाळायची असते, तीही प्रवासी बसलेले असताना.

सुरुवात सेस्नापासून करा. १० नॉटवर एक पूर्ण फेरी मारा आणि वळणावर बाहेरचा व्ह्यू लावून चाकं कुठून जातात ते बघा. रनवेआधी दोन सलग आणि दोन तुटक पिवळ्या रेषा आडव्या दिसतील. सलग रेषांच्या अलीकडे थांबता आलं, की मग टेकऑफचं बघू!